स्लॉट मशीनमध्ये फसवणूक नेमकी कुठे आहे?

निवांत_नाना: पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर गेलो की मी स्लॉटवरच बसतो. पैसे लावून बटण दाबायचं, चित्रांची चाकं फिरतात, चिन्हं जुळली की पैसे. ब्लॅकजॅकच्या टेबलावर चुकीचं पान मागितलं की शेजारचे डोळे वटारतात. इथे कुणाचा जाच नाही. बटण दाबलं त्या क्षणी आतली चिप निकाल ठरवते. 'मशीन तापलंय, आता देणारच' हे सगळं थोतांड. मग लोक फसवणूक फसवणूक का करतात?

खडूस_गणिती: निकाल आधीच ठरतो ना? मग चाकं फिरवायची कशाला? इंगे टेल्नेसचं स्लॉट मशीनच्या चाकांबद्दलचं १९८४चं पेटंट बघा. समजा डोळ्यांना चाकावर २२ जागा दिसतात, चिपमधल्या चाकावर मात्र ६४. जॅकपॉटचं चिन्ह त्यात एकदाच. तीन चाकांचा हिशेब १०,६४८त एक वाटतो, असतो २,६२,१४४त एक! शिवाय जॅकपॉटच्या वरखालच्या रिकाम्या जागांना चिपमधल्या त्या ६४पैकी जास्त जागा दिल्या, की 'अरेरे, थोडक्यात हुकलं' हे वारंवार घडतं. नाना, ते हुकलेलं नसतं, हुकवलेलं असतं.

निवांत_नाना: असेल. सिनेमाचं तिकीट काढतो तेव्हा पैसे परत मागतो का? दोन तास मजेत गेले, वसूल.

सुगरण_सई: तिकिटावर किंमत छापलेली असते हो! समजा मशीन ९० टक्के परत देतं. दर वेळी दहा रुपये लावून तासाला ५०० वेळा बटण दाबलंत, तर पाच हजार फिरले, सरासरी पाचशे गेले. त्यात वीस लावून सहा आले तरी मशीन दिवाळी साजरी करतं. चौदा गेले की!

म्हापशेकर: आम्हा गोंयकारांना १ फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे. नुसती करमणूक असती तर सरकारने घरच्यांनाच का अडवलं असतं? पाहुण्यांचे खिसे चालतात वाटतं.

निवांत_नाना: सरकारचं नका सांगू. महाराष्ट्राने कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६चा कायदा कधी लागूच केला नाही, २०२३ला रद्द करून टाकला. आणि स्वतः १९६९ पासून लॉटरी विकतंय!

खडूस_गणिती: लॉटरीचं तिकीट घेतलं की सोडतीपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात माणूस भानावर येतो. स्लॉटवर पुढचं बटण तीन सेकंदांत. भांडण त्या तीन सेकंदांशी आहे, जुगाराशी नाही.

निवांत_नाना: मी सावकाश दाबतो.

सुगरण_सई: वहिनींना विचारू का? 😄