मॅस्करेडच्या चित्रांत पवित्र भूमिती खरंच दडलीये का?

निळीशाई
मंडळी, चित्रकार-लेखक किट विल्यम्सच्या मॅस्करेड या पुस्तकाची जुनी प्रत हाती लागलीये. १९७९चं तेच चित्रकोडं, लेखकाने १८ कॅरट सोन्याचा ससा इंग्लंडमध्ये कुठेतरी पुरला आणि जागा १५ चित्रांत लपवली ते. चित्रं स्कॅन करून जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, वर्तुळं आणि रेघा मारायला लागले आणि आता थांबवतच नाहीये. एका चित्रात डोळे आणि फुलांची टोकं जोडली की पंचकोन बसतो, दुसऱ्यात सुवर्ण गुणोत्तराचा (लांबी रुंदीच्या साधारण १.६१८ पट) आयत, अजून एकात दोन वर्तुळं एकमेकांत शिरून मधे मासोळीसारखा आकार होतो तो. पवित्र भूमिती म्हणून गूढ अर्थ लावतात तेच हे आकार. बरं गोष्टही अशी की चंद्र सशाच्या हातून सूर्याला भेट पाठवतो, म्हणजे चित्रकाराच्या डोक्यात आकाश होतंच. त्याने ही भूमिती मुद्दाम घातली असेल का? आणि ज्यांनी कोडं सोडवलं ते याच वाटेने गेले का? उत्तर फोडलंत तरी चालेल.

शिसपेन्सिल
फोडतोच मग. भूमिती आहे, पण वर्तुळं नाहीत, फक्त सरळ रेघा. प्रत्येक चित्राभोवतीच्या चौकटीत अक्षरं आहेत बघा. चित्रातल्या माणसाच्या किंवा प्राण्याच्या डाव्या डोळ्यातून डाव्या हाताच्या सगळ्यात लांब बोटावरून रेघ काढायची, ती चौकटीत ज्या अक्षराला लागेल ते घ्यायचं. मग डावा डोळा आणि डाव्या पायाचं बोट, मग उजवा डोळा-उजवा हात, उजवा डोळा-उजवा पाय. जे दिसत नसेल ते सोडायचं. कोणाच्या रेघा आधी काढायच्या त्याचा क्रम पुस्तकातल्या न्यूटनच्या चित्रात सुचवलाय. अशाने १९ शब्दांचा निरोप मिळतो, कॅथरीनचं लांब बोट, पिवळा ताईत, माध्यान्ह, विषुवदिन (दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस) असं सगळं त्यात येतं, आणि प्रत्येक चित्रातून निघालेल्या शब्दाचं किंवा शब्दसमूहाचं आद्याक्षर लावलं की निघतं ‘क्लोज बाय ॲम्प्टहिल’. बेडफर्डशरमधल्या ॲम्प्टहिल पार्कात आठव्या हेन्रीची पहिली राणी कॅथरीन ऑफ ॲरॅगॉन हिच्या स्मरणार्थ क्रूस उभा आहे. विषुवदिनी माध्यान्हीला त्याच्या सावलीचं टोक जिथे पडतं तिथे ससा.
१९८२मध्ये दोन फिजिक्सच्या शिक्षकांनी हे सगळं बरोबर सोडवलं, पण ससा मिळवला तो आतली माहिती मिळालेल्या दुसऱ्याच एका माणसाने. ते प्रकरण १९८८ला बाहेर आलं. वाचून आजही चीड येते.

तिरकसरेघ
निळीशाई, तुमचे आकार खोटे नाहीत, ते कागदावर आहेतच. प्रश्न आहे की कुठले बिंदू जोडायचे हे कोणी ठरवलं. चित्रात २० ठळक बिंदू धरा, त्यांच्यात १९० रेघा होतात. दोन-दोन रेघांच्या लांबीची गुणोत्तरं काढलीत तर १७,९५५. त्यातली १.६ ते १.६४च्या मधे शंभरावर सहज बसतील, चित्र कोणाचंही असो. म्हणून माझा आग्रह असा की तेवढेच बिंदू कॉम्प्युटरला कुठेही टाकायला सांगा आणि त्यावरही तोच शोध घ्या. तिथेही तितकेच सुवर्ण आयत निघाले तर ते चित्रकाराचे नाहीत. श्रीयंत्राचं उदाहरण घ्या, तिथे ९ त्रिकोण, ४ वर टोकाचे ५ खाली टोकाचे, त्यांच्या छेदांतून ४३ लहान त्रिकोण झालेच पाहिजेत, एक रेघ जरा सरकली तरी बिंदू जुळत नाहीत आणि कोणालाही मोजून बघता येतं. विल्यम्सचंही तसंच, डोळा आणि बोट हा नियम सगळ्या चित्रांना एकच आणि शेवटी वाचता येणारं वाक्य मिळतं. बाकी त्या काळी लोक वाट्टेल तिथे खणत होते, हेअर्सफील्ड बीकन या टेकडीच्या नुसत्या नावात ससा (इंग्रजीत हेअर) आहे म्हणून इतके जण गेले की इथे ससा नाही अशी पाटी लावायला विल्यम्सनेच पैसे दिले.

निळीशाई
सूर्य-चंद्र पृथ्वीभोवती नाचतात त्या चित्रात मी नेमकी वर्तुळंच काढत बसले होते! त्यातही काही आहे का? आणि विषुवदिनच का, रोजची दुपार का नाही चालत?

शिसपेन्सिल
त्या चित्रात दोघांचे गुंफलेले हात मार्चमधल्या विषुवदिनाच्या तारखेकडे बोट दाखवतात. रोजची दुपार चालत नाही कारण माध्यान्हीची सावली वर्षभर लहानमोठी होत राहते. विषुवदिनी सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर असतो, म्हणून सावलीची लांबी फक्त तुमच्या अक्षांशावर ठरते. ॲम्प्टहिल साधारण ५२ अंशावर, म्हणजे सपाट जमिनीवर सावली उंचीच्या १.२८ पट आणि बरोब्बर उत्तरेला. मार्च असो की सप्टेंबर, जागा तीच येते.

तिरकसरेघ
वेळेचं एक लक्षात घ्या, माध्यान्ह म्हणजे घड्याळातले १२ नाही, सूर्य सगळ्यात वर असतो ती वेळ. मार्चमध्ये ॲम्प्टहिलला ती साधारण १२ वाजून ९-१० मिनिटांनी होते. आपल्याकडे शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तेव्हा, मुलं काठी रोवतात ना, तीच काठी २० मार्चला रोवून बघा. पुण्यात १ मीटरच्या काठीची सावली ३३ सेंमीच्या आसपास यायला हवी. आणि दर १५ मिनिटांनी टोकावर खडूने खूण करा, त्या दिवशी सगळ्या खुणा जवळपास एका सरळ रेषेत येतात, पश्चिमेकडून पूर्वेकडे.