लंडनमध्ये तीन खोल्यांचा क्लब, हातात एकच रात्र : सल्ला हवा

साऊंडवाला_सांगली

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, विश्रामबागेत राहतो. हॉलमधली लग्नं, शाळांची गॅदरिंग, गणपतीत मंडळं, जिथं बोलावतील तिथं साऊंड लावतो. १४ वर्षं झाली या धंद्यात. थोरली बहीण लंडनला असते, फेब्रुवारीत बारा दिवस तिच्याकडं चाललोय. दाजींनी फोनवर विचारलं, काय काय बघायचंय? म्हटलं, तुम्ही दाखवाल ते सगळं बघतो, फक्त एक शनिवारची रात्र मला मोकळी द्या. मला फॅब्रिक नावाच्या नाइटक्लबला जायचंय.

तिथल्या एका खोलीची जमीनच वाजते असं कळल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. आमच्या भागात मोठा आवाज म्हणजे डॉल्बी. ट्रॅक्टरवर स्पीकरची भिंत उभी करायची आणि समोरच्याच्या छातीवर आवाज मारायचा. मीही तेच केलंय. दोन वर्षांपूर्वी विसर्जनाच्या मिरवणुकीत एक आजी दारात उभ्या होत्या, दोन्ही हातांनी कान दाबून, डोळे मिटून. मिक्सरवरून मला त्या समोरच दिसत होत्या. त्या रात्रीनंतर मी भिंत लावलेली नाही. पण बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, मला आवडतो. कानाला न दुखवता तो अंगात उतरवता येतो का, हे मला तिथं उभं राहून बघायचंय.

आता प्रश्न. किती वाजता जावं, परत कसं यावं? ताई स्ट्रॅटफर्डला राहते. तीन खोल्यांत तीन प्रकारचं संगीत असतं म्हणे, मला हाऊस, टेक्नो ही नावंच तेवढी माहीत आहेत, तर कुठल्या खोलीत किती वेळ द्यावा? मी दारू पीत नाही, त्याची अडचण येते का? ताईही येते म्हणतेय, ती ४१ वर्षांची आहे. आणि आईनं बातम्यांत रेव्ह पार्टी म्हणजे पोलिसांचा छापा एवढंच बघितलंय, ती काळजीत आहे. तिला काय सांगू?

माहुलीकर

दादा, तुमची पोस्ट वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. सध्या साताऱ्यात असतो, त्याआधी सहा वर्षं लंडनला होतो आणि या जागेत माझ्या कितीतरी रात्री गेल्यात.

आधी आईंचं. आपल्याकडं रेव्ह हा शब्द छाप्याच्या बातमीतच येतो. तिकडं १९८० च्या दशकाच्या शेवटी लोक रिकाम्या गोदामांत, शेतांत रात्रभर नाचायला जमायचे, त्याला रेव्ह म्हणत. पुढं १९९४ साली सरकारनं कायदा करून असे उघड्यावरचे जमाव बंद पाडायचे अधिकार पोलिसांना दिले. त्या कायद्यात संगीताचं वर्णनच 'एकापाठोपाठ एक येणारे तेच ते ठोके' अशा अर्थाचं आहे. मग तेच संगीत परवाना असलेल्या बंद जागांमध्ये जास्त रुजलं. तुम्ही चाललाय ती अशीच परवान्याची जागा आहे. आईंना सांगा, दारात अंगझडती होते आणि ती नावापुरती नसते. २०१६ साली तिथं अमली पदार्थांमुळं दोन तरुण पोरं दगावली आणि परवाना रद्द झाला. २०१७ च्या जानेवारीत कडक अटींवर क्लब पुन्हा उघडला. तेव्हा आत कुणी अनोळखी माणसानं गोळी, पुडी काहीही पुढं केलं तर हात मागं घ्या. त्या देशात एमडीएमए, म्हणजे अशा पार्ट्यांत फिरणारा अमली पदार्थ, सगळ्यात कडक वर्गात मोडतं, आणि तुमच्या तर व्हिसाचाही प्रश्न आहे.

आता जागा. फॅरिंग्डन भागात स्मिथफील्ड हा मटणाचा जुना घाऊक बाजार आहे, त्याच्या समोर. पूर्वीचं शीतगृह आहे ते, आपल्या तासगाव-सांगलीकडं बेदाण्याची कोल्ड स्टोरेज असतात तसं. १९९९ साली त्याचा क्लब झाला. जिन्यानं खाली उतरायचं, विटांचं बांधकाम, कमानी. पहिली खोली म्हणजे तुमची ती वाजणारी जमीन. लाकडी जमिनीखाली शेकडो ट्रान्सड्यूसर बसवलेत. तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण इतरांसाठी लिहितो : स्पीकरचा कागद हवा ढकलतो, ट्रान्सड्यूसर हवेच्या भानगडीत न पडता तोच सिग्नल थेट लाकडाला हलवून देतो. खालचे स्वर तळपायातून नडगीत, तिथून कमरेत येतात. त्यामुळं बास जाणवावा म्हणून हवेतला आवाज वाढवत न्यावा लागत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं माझेच पाय थरथरतायत. मग कडेला कुणीतरी जमिनीवर ठेवलेला पाण्याचा प्लास्टिकचा ग्लास दिसला. ठोका पडला की पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची, ठोका थांबला की पाणी सपाट. बराच वेळ मी खाली वाकून तेच बघत होतो.

खोल्यांबद्दल माझं मत ठाम आहे. तीन आहेत म्हणून तिन्हींत फिरत बसू नका. मिरजेच्या दर्ग्यात उरसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ चिंचेच्या झाडाखाली रात्रभर गाणं चालतं, तिथं तुम्ही गेला असालच. बडा ख्याल रंगायच्या आत उठून गेलं तर काय हाती लागतं? डीजेचंही तसंच. चांगला माणूस दोन-तीन तास वाजवतो, पहिला तास नुसती बैठक जमवण्यात जातो, आणि मग एका वळणावर सगळी खोली एकदम उचलली जाते. आधीचा तास तुम्ही तिथं नसाल तर ते वळण नुसता मोठा आवाज वाटेल. पहिल्या खोलीत जा, स्पीकरपासून आठ-दहा पावलं मागं जागा धरा आणि तिथंच राहा.

जाताना स्ट्रॅटफर्डहून एलिझाबेथ लाइननं थेट फॅरिंग्डन, बाराच्या आत पोहोचा. परतीला शनिवारची नाइट ट्यूब, म्हणजे रात्रभर चालणारी भुयारी रेल्वे, आहे, पण ती फॅरिंग्डनला थांबत नाही. चान्सरी लेनपर्यंत चालत जा, तिथून सेंट्रल लाइन सरळ स्ट्रॅटफर्ड. तिकीट आधी ऑनलाइन काढा. पासपोर्ट मूळ न्या, झेरॉक्स चालणार नाही. फोनच्या कॅमेऱ्यावर दारातच स्टिकर लावतात, आत फोटो-शूटिंग बंद.

राजवाडा_चौपाटी

माहुलीकरांचं बाकी सगळं बरोबर, पण एका खोलीत बसून राहा हे मला पटत नाही. ज्याला हाऊस आणि टेक्नो यांतला फरकच अजून ऐकू येत नाही, त्यानं आधी ऐकायला तर हवं. पहिल्या तासात गर्दी कमी असते तेव्हा तिन्हीकडं पंधरा-पंधरा मिनिटं द्या, मग ठरवा.

हाऊस शिकागोचं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचं. वेअरहाऊस नावाच्या क्लबवरून नाव पडलं, तिथं फ्रँकी नकल्स वाजवायचा. मिनिटाला साधारण १२० ते १२८ ठोके, त्यात गाणं, पियानो, माणसाच्या गळ्याची ऊब. टेक्नो डेट्रॉइटचं, मोटारींच्या कारखान्यांच्या गावचं, जास्त कोरडं आणि यंत्रासारखं. ड्रम अँड बेस खुद्द इंग्लंडचं, ठोके १७० च्या आसपास, पण खालचा बास त्याच्या निम्म्या लयीत चालतो. म्हणजे दुगुन आणि ठाय एकाच वेळी. आपल्या माणसाला हे चटकन कळतं.

आणि हे परक्यांचं आहे असं मनात आणू नका. मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची टीबी-३०३ (बासचे स्वर काढणारं) आणि टीआर-८०८ (ड्रमचे ठोके देणारं) ही यंत्रं जोडून त्यावर भैरव, ललत असे राग वाजवले आणि रेकॉर्ड काढली. त्याच ३०३ मधून शिकागोवाल्यांनी अ‍ॅसिड हाऊस हा हाऊसचा प्रकार काढला ते त्यानंतर काही वर्षांनी. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस होता तो. मला याचा फार अभिमान आहे.

साऊंडवाल्या माणसासाठी खरी बघायची गोष्ट खोल्यांच्या मधला बोळ. ५० हर्ट्झच्या, म्हणजे अगदी खालच्या स्वराच्या, लाटेची लांबी जवळपास ७ मीटर, ती साध्या भिंतीला दाद देत नाही. एका खोलीचा ठोका दुसरीत गेला की दोन्हींचा विचका. बोळात उभं राहून हळूहळू चालत जा, एका खोलीचा बास कुठं संपतो आणि दुसरीचा कुठून सुरू होतो ते पावलापावलानं कळेल.

कर्णिका_मिरज

मी मिरजेत कान तपासते. साऊंडवाले दादा, तुम्ही त्या आजींसाठी भिंत बंद केलीत हे वाचून बरं वाटलं, पण तुमच्या स्वतःच्या कानांचं काय? १४ वर्षं स्पीकरजवळ उभे आहात. जायच्या आधी एक ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. आवाजानं होणारं नुकसान बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी दिसतं. बोलणं नीट ऐकू येत असतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही.

हिशोब सांगते. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या निकषानं ८५ डेसिबल आठ तास चालतं. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली. तुम्ही तर पाच तास थांबणार. प्लग घालायलाच हवेत. संगीतासाठीचे मिळतात ते घ्या, ते सगळ्या पट्ट्या सारख्या कमी करतात. साधा फोमचा प्लग वरचे स्वर जास्त खातो. फोमचाच मिळाला तर बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवा. बहुतेक जण नुसता तोंडाशी ठेवतात आणि उपयोग नाही म्हणतात.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. आपला कान २००० ते ५००० हर्ट्झला सगळ्यात हळवा. डॉल्बी दुखते ती बहुतेक वेळा बासनं नाही, ताकदीबाहेर ताणलेल्या हॉर्नच्या, म्हणजे वरचे स्वर काढणाऱ्या भोंग्याच्या, फाटक्या आवाजानं. प्लग घालूनही जमिनीतला बास तुम्हाला पूर्ण मिळेल, कारण तो कानातून येतच नाही.

आयर्विनपार

ताईंना नक्की न्या! ४१ म्हणजे काही वय नाही, तिकडं पन्नाशीच्या बायका निवांत नाचतात, कुणी वळूनसुद्धा बघत नाही. मी माझ्या नणंदेबरोबर गेले होते. बूट जाड तळव्याचे, हिल नको. बाहेर थंडी, आत घाम, म्हणून आत सुती टीशर्ट आणि कोट क्लोकरूममध्ये. तळघरात फोनला रेंजचा भरवसा नाही, तेव्हा चुकामूक झाली तर कुठं भेटायचं हे आत शिरतानाच ठरवा. ताईंना हेही सांगून ठेवा : कुणी त्रास देत असेल तर बारवर जाऊन 'अँजेला आहे का' असं विचारायचं. इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी ही खूण चालते, कर्मचारी काही न विचारता मदत करतात. पाणी मागितलं की फुकट द्यावंच लागतं, तिथला तसा नियम आहे. दारू न पिणारे खूप असतात, काळजी नको.

साऊंडवाला_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. कर्णिकाताई, ऑडिओग्राम केला. डाव्या कानाला ४००० ला खड्डा आहे. आता मिक्सरवरही प्लग घालूनच बसतो.

साऊंडवाला_सांगली (फेब्रुवारीअखेर)

जाऊन आलो. राजवाडाभाऊंचं ऐकून आधी तिन्ही खोल्या फिरलो, मग माहुलीकरांचं ऐकून पहिलीत ठाण मांडलं. बोळात तर मी तीन वेळा गेलो. एका ठिकाणी अगदी एका पावलाचा फरक आहे, इकडं टेक्नो पोटात, तिकडं काहीच नाही.

जमिनीबद्दल काय सांगू? पहिला ठोका टाचेत आला. प्लग घातले होते, वरचा आवाज मऊ आणि लांब वाटत होता, पण नडगीत, गुडघ्यात, मांडीत एकेक ठोका वेगळा मोजता येत होता. ताई सुरुवातीला भिंतीला टेकून उभी होती. तासाभरानं बघतो तर मधोमध, बूट काढून हातात घेतलेले, मोज्यांवर, डोळे मिटून. मी म्हटलं, अगं काच असेल खाली. ती म्हणाली, असू दे, असं जास्त कळतंय. मग मीच जमीन बघून घेतली आणि तिच्या शेजारी उभा राहिलो. साडेचारला बाहेर पडलो. कानात शिट्टी नाही, डोकं जड नाही. चान्सरी लेनपर्यंत दोघं गप्पा मारत चालत गेलो, तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघंच असे एवढा वेळ एकत्र होतो.

आता सल्ला घरचा हवाय. सांगलीत एक मूकबधिर मुलांची शाळा आहे, तिथल्या गॅदरिंगला दरवर्षी मीच साऊंड लावतो. मुलं बाईंच्या हातवाऱ्यांकडं बघून नाचतात, ठोका चुकला की रडवेली होतात. स्टेजवर लाकडी फळ्या टाकून खाली ट्रान्सड्यूसर बसवायचे असा विचार आहे. होम थिएटरच्या खुर्चीखाली लावायचे बास शेकर ऑनलाइन मिळतात. आठ बाय आठच्या फळीला किती लागतील? प्लाय किती जाडीचा घेऊ?

माहुलीकर

दादा, चार शेकरपासून सुरुवात करा. १८ मिमीचा प्लाय घ्या, चार बाय आठचे दोन तुकडे. आणि फळी थेट स्टेजवर टेकवू नका, खाली रबराचे तुकडे द्या, नाहीतर सगळी हालचाल स्टेजच गिळून टाकेल. ८० हर्ट्झच्या वरचे स्वर क्रॉसओव्हरनं (स्वर वेगळे करणाऱ्या यंत्रानं) कापा.

कर्णिका_मिरज

चाचणीला मला बोलवा. ज्या मुलांना श्रवणयंत्रं आहेत त्यांच्या यंत्राला मोठा आवाज सोसणार नाही, तेव्हा वरचे स्पीकर अगदी हळू ठेवा. आणि मुलांना अनवाणी उभं करा.

साऊंडवाला_सांगली

शेकर मागवले. प्लाय उद्या कापून घेतो. शाळेच्या बाईंशी बोललो, रविवारी सकाळी दहाला हॉल उघडून देतायत. ताई तेवढ्यात व्हिडिओ कॉल लावायला सांगतेय.