मदत हवी आहे: एकच फॉर्म, माझे 46, लेकीचे 78

सिंहगडरोडची आई: शुक्रवारी फॉलोअप आहे, लवकर सांगा. डॉक्टरांनी जीवनमानाचे दोन फॉर्म दिलेत (पेड्सक्यूएल), एक पालकांचा, एक मुलीचा. 23-23 प्रश्न. 100 पैकी माझ्या फॉर्ममध्ये 46 आले, तिच्यात 78 (जास्त आकडा म्हणजे चांगलं). यातला कुठला द्यायचा? तिच्याकडून परत भरून घेऊ का?

कोथरूड७२: वय काय? आजार कुठला? एफईव्ही1 (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) किती?

मोकळा श्वास: खिडकीत कबुतरं बसतात का? त्यांच्या विष्ठेने काहींची फुफ्फुसं कायमची खराब होऊ शकतात. आधी जाळी लावा.

सिंहगडरोडची आई: जाळी आहे हो. नऊ पूर्ण. ब्राँकिएक्टेसिस, म्हणजे श्वासनलिका रुंद होऊन त्यात कफ साठतो. सकाळी उठल्या उठल्या खोकला, कफ.

अनुजा_क: माझ्या मुलाला दमा आहे. दम्याचा वेगळा फॉर्म असतो, 7 ते 17 वर्षांसाठी, त्यात फक्त गेल्या आठवड्याचं विचारतात. तोच मागून घ्या, जास्त नेमका आहे.

फिजिओ_स: दमा नाहीये तिला, तो फॉर्म कशाला? ताई, दोन्ही द्या. मुलाचा आणि पालकांचा फॉर्म वेगवेगळाच भरायचा असतो, एकमेकांना न विचारता. फरक सगळीकडे पडतो. आपल्याला खोकला ऐकू येतो, तिच्या मनातलं नाही. परत भरून घेऊ नका. फरक कुठल्या प्रश्नांत आहे तेवढं बघा.

देशी उपाय: रोज ओव्याची धुरी द्या. आमच्या आजीने चार नातवंडं अशीच वाढवली.

फिजिओ_स: धुरी अजिबात नको. आधीच खराब झालेल्या श्वासनलिकांत आणखी धूर कशाला?

देशी उपाय: पन्नास वर्षांचा अनुभव आहे घरात.

सिंहगडरोडची आई: बघितलं. 'पळायला त्रास होतो' याला मी 4 दिलेत, नेहमीच. तिने 0, कधीच नाही. मघाशी विचारलं तर म्हणाली, "मी पळतच नाही ना आई. पीटीला सगळ्यांच्या बाटल्या सांभाळते." मला माहीतच नव्हतं. दुसरं म्हणजे, फॉर्म गेल्या एका महिन्याचं विचारतो आणि त्यात वीस दिवस दिवाळीची सुट्टी होती. शाळा बुडली का, याला तिने 0 लिहिलंय.

कोथरूड७२: म्हणजे आकडाच चुकला. म्हणून म्हणतोय, फुंकर मारायच्या तपासणीचा रिपोर्ट धरा.

फिजिओ_स: ती तपासणी हवा किती वेगाने बाहेर पडते ते सांगेल, बाटल्यांचं नाही सांगणार. ताई, उत्तरं खोडू नका. फॉर्मच्या मागे दोन्ही गोष्टी लिहा, तारखांसकट. आणि पीटी बंद करायला कुणी सांगितलं? ब्राँकिएक्टेसिसमध्ये व्यायाम सहसा थांबवत नाहीत, पळाल्यावर कफ सुटायला मदतच होते.

सिंहगडरोडची आई: कुणीच नाही. जूनमध्ये शाळेला चिठ्ठी मीच दिली होती. 'पंधरा दिवस पळवू नका.' पंधराच दिवस लिहिलं होतं. शुक्रवारी डॉक्टरांना विचारून नवी चिठ्ठी घेते.

मोकळा श्वास: जाळी बाथरूमच्या खिडकीलाही आहे ना?