सवाईला मुकुंदनगरात गाडी कुठं लावायची? आई-बाबा सोबत आहेत

अजिंक्यतारा_सातारा
नमस्कार मंडळी. यंदा आई-बाबांना सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला घेऊन यायचं नक्की केलंय, गुरुवार आणि शनिवार असे दोन दिवस. बाबांचं सगळं ऐकणं रमणबागेतलं, म्हणजे न्यू इंग्लिश स्कूलच्या पटांगणात व्हायचा तेव्हाचं. त्या काळी साताऱ्याहून एसटीनं जायचे, रात्रभर बैठकीवर बसायचे आणि पहाटेच्या गाडीनं परत. महोत्सव मुकुंदनगरला हलल्यापासून एकदाही जाणं झालेलं नाही आणि आता दोन्ही गुडघे गेलेत, काठी घेऊन चालतात पण थोडं चाललं की थांबावं लागतं. त्यामुळं चारचाकीच आणणार.
तर प्रश्न असा की महोत्सव जिथं होतो त्या महाराष्ट्रीय मंडळाच्या गेटपर्यंत गाडी जाते का, गाडी नेमकी कुठं लावायची म्हणजे उचलून नेणार नाहीत, आणि दुपारी सुरू होतं म्हणजे किती वाजता पोचलेलं बरं? शनिवारी रात्री संपल्यावर तिथनं बाहेर पडायला किती वेळ लागतो तेही सांगा. गूगल मॅपवर बघून काही कळेना, सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात. जे स्वतः जातात त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

गुलटेकडी_रहिवासी
मी तिथंच राहतो त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, गेटपर्यंत गाडी जाते पण गेटजवळ लागत नाही. हे दोन वेगळे समजा म्हणजे अर्धा प्रश्न सुटला. आई-बाबांना गेटशी उतरवा, सोबत कुणीतरी द्या आणि तुम्ही एकट्यानं गाडी लांब नेऊन लावा. सगळे एकत्रच उतरू म्हणून आतल्या गल्ल्यांतनं जागा शोधत फिरणारे लोक मी दरवर्षी बघतो, तीच गाडी पुन्हा पुन्हा आमच्या खिडकीखालनं जाते आणि आत बसलेली म्हातारी माणसं कंटाळून जातात.
दुसरं म्हणजे वेळ. मुकुंदनगर हा बंगले आणि छोट्या सोसायट्यांचा भाग, रस्ते रुंद नाहीत आणि रहिवाशांच्याच गाड्या बाहेर असतात. गुरुवारी दोनच्या आत आलात तर एखाद-दोन गल्ल्या सोडून जागा मिळेल. पाचनंतर ऑफिसातनं सुटलेले लोक यायला लागले की विसरा, तेव्हा दुचाकी लावायलाही मारामार. पी वन पी टू ची पाटी असेल तर त्या दिवशीची तारीख सम की विषम ते बघूनच गाडी लावा, बाहेरगावचे लोक तिथंच फसतात कारण आजूबाजूला चार गाड्या उभ्या दिसल्या की वाटतं चालत असेल.
आणि एक कळकळीची विनंती, कुणाच्याही गेटसमोर लावू नका. "दहा मिनिटांत येतो" म्हणून पण नको. आमच्या शेजारच्या आजोबांना डायलिसिसला न्यायचं असतं, एका वर्षी नेमकी त्यांच्या गेटला आडवी गाडी, काचेवर फोन नंबरही नाही. आजोबा व्हरांड्यात स्वेटर घालून, मांडीवर फाईल घेऊन बसलेले आणि त्यांचा मुलगा गाडीचा नंबर कागदावर लिहून मंडपाच्या दारावरच्या गार्डकडं पळतोय. आत हजारो माणसं, आलाप चालू, कोण कुणाला शोधणार? शेवटी रिक्षानं नेलं. सवाई आमच्या दारात होतो याचं आम्हाला अप्रूप आहे हो, घरात बसून सूर ऐकू येतात, पण एवढं सांभाळा. डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात मोबाईल नंबर लिहून ठेवा आणि फोन सायलेंटवर असला तरी व्हायब्रेटवर राहू द्या.

पिंपरी_मारवा
मी गेल्या दोन्ही वर्षी मेट्रोनं गेलो, गाडी काढलीच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी टप्पा सुरू झाला तेव्हापासून आमच्या बाजूच्या लोकांचं कामच सोपं झालं, पीसीएमसीला बसायचं ते थेट स्वारगेटला उतरायचं, मधे बदलायचं पण नाही. वनाज किंवा रामवाडीकडनं येणाऱ्यांनी सिव्हिल कोर्टला बदलायची. स्वारगेटपासून मांडव दीड-दोन किलोमीटर असेल, चालणारे चालतात नाहीतर रिक्षा. शेवटची मेट्रो ११ च्या सुमारास, त्यामुळं दहाला संपतं त्या दिवशी आरामात मिळते, फक्त शेवटच्या कलाकाराला टाळ्या देऊन गप्पा मारत बसायचं नाही, लगेच निघायचं. शनिवारी मात्र बारापर्यंत चालतं त्यामुळं मेट्रोच्या भरवशावर अजिबात राहू नका.
तुम्ही साताऱ्याचे म्हणून तुम्हाला याचा थेट उपयोग कमी, पण बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

नारायणपेठी
मंडईच्या आर्यन किंवा मिनर्व्हा पार्किंगमध्ये गाडी टाकून मंडई स्टेशनवरनं एकच स्टेशन स्वारगेट, असं कुणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगतो, चारचाकी घेऊन संध्याकाळी मंडईत शिरू नका. सकाळी ठीक आहे. दुपारनंतर बाजीराव रोड आणि शिवाजी रोडवर जेवढा वेळ जाईल तेवढ्यात तुमचा एक कलाकार ऐकून होईल. आणि साताऱ्याकडनं येणाऱ्यानं मुकुंदनगर ओलांडून पुढं गावात जायचं, गाडी लावायची आणि परत मागं यायचं, यात काय अर्थ आहे.
रमणबागेत होता तेव्हा आम्ही नदीपात्रात गाडी लावून नारायण पेठेतनं चालत जायचो, ते सुख आता नाही. पण जागा बदलली म्हणून जाणं सोडू नये, बाबांना नक्की आणा.

कृष्णाकाठ
एसटीचा विचार केलात का? सातारा स्वारगेट विनाथांबा गाड्या भरपूर असतात आणि स्वारगेट स्टँडवर उतरलं की रिक्षा. पार्किंगचा प्रश्नच मिटला.

अजिंक्यतारा_सातारा
सगळ्यांचे मनापासून आभार. कृष्णाकाठ, एसटीचा विचार पहिल्यांदा तोच केला होता पण बाबांना पायऱ्या चढवत नाहीत, आणि रात्री दहानंतर स्टँडवर त्यांना ताटकळत ठेवणं जिवावर येतं. शनिवारी तर बाराच्या पुढं. त्यामुळं गाडी हवीच.
रहिवासीदादा, तुमचं वाचून आईला दाखवलं, ती म्हणाली की आधी माणसं उतरवायची आणि मग गाडीचं बघायचं हेच खरं. आता एक विचारतो, माझी मावशी सहकारनगरला असते, तिच्या बिल्डिंगमध्ये व्हिजिटरसाठी जागा आहे. गाडी तिथंच लावून रिक्षानं जावं का? की मुकुंदनगरातच प्रयत्न करावा?

कोथरूड_श्रोती
अहो मग प्रश्नच कुठं राहिला! मावशीकडं गाडी लावा. सहकारनगर साताऱ्याहून येताना वाटेतच आहे, कात्रजवरनं सातारा रोडनं आलात की डावीकडं सहकारनगर आणि पुढं उजवीकडं मुकुंदनगर, स्वारगेटच्या पुलापर्यंत जायचंच नाही. सकाळीच निघा, खंबाटकी आणि खेड शिवापूरचा टोलनाका निवांत पार होईल, मावशीकडं जेवा, बाबांना तासभर आडवं होऊ द्या. मग दोन-सव्वादोनला रिक्षा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीन तास गाडीत बसून थेट मंडपात नेलं तर पहिला राग संपायच्या आत ते अवघडून जातील, मी हे माझ्या सासूबाईंच्या बाबतीत पाहिलंय.
आणि तिकीट खुर्चीचंच काढा. बाबा म्हणतील मी आयुष्यभर भारतीय बैठकीवर ऐकलंय, त्यांचं ऐकू नका, खाली बसलं की उठताना चार माणसं लागतात. खुर्ची कडेची धरा, म्हणजे मधे पाय मोकळे करायला कुणाला उठवावं लागणार नाही. डिसेंबरात आठनंतर मांडवात चांगलाच गारवा असतो, शाल आणि कानटोपी हाताशी असू द्या, गाडीत ठेवलीत तर ती मावशीकडं राहील.
परतीची रिक्षा हा खरा अवघड भाग. दहाला संपलं की सगळे एकदमच गेटवर येतात आणि ॲपवर दहा-पंधरा मिनिटं रिक्षाच मिळत नाही. दोन उपाय, एक तर शेवटच्या कलाकाराची भैरवी सुरू झाली की तुम्ही एकटे बाहेर येऊन रिक्षा धरून ठेवा, आई-बाबांना शांतपणे पूर्ण ऐकू द्या. नाहीतर मावशीकडच्या कुणाला तरी गाडी घेऊन यायला सांगा. शनिवारी दुसराच उपाय धरा, रात्री बारानंतर मीटरवर जादा आकार लागतोच आणि रिक्षावाले जवळचं भाडं घ्यायला कां कू करतात. त्या रात्री साताऱ्याला परत निघू नका, मावशीकडंच राहा. पाच-सहा तास गाणं ऐकलेल्या माणसानं मध्यरात्री घाटातनं गाडी चालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गुलटेकडी_रहिवासी
कोथरूडच्या ताईंशी शंभर टक्के सहमत, सहकारनगरला जागा असताना मुकुंदनगरात शिरूच नका. फक्त दोन गोष्टी जोडतो. मार्केट यार्डातला फळं-भाजीचा विभाग शनिवारी बंद असतो, त्यामुळं त्या दिवशी आमच्या बाजूला टेम्पो-ट्रकची गर्दी बरीच कमी. गुरुवारी तसं नाही, म्हणून गुरुवारी पंधरा-वीस मिनिटं जास्त धरा. आणि सुरुवातीची वेळ रोज सारखी नसते, कार्यक्रमपत्रिका आली की त्या दिवसाची वेळ बघून घ्या, उगाच दोनला येऊन बसू नका.
दुसरं, परतीच्या वेळी घ्यायला येणाऱ्या माणसाला मेन गेटवर बोलावू नका. कटारिया हायस्कूलच्या पुढच्या कोपऱ्यावर थांबायला सांगा, तिथं गाडी दोन मिनिटं थांबू शकते. बाबांना तेवढं अंतर सावकाश चालवून आणा, गर्दी पुढं जाऊ द्या. आमच्या वॉचमनची खुर्ची कंपाउंडच्या आत भिंतीला लागून असते, बाबा दमले तर त्याला सांगा, तो आनंदानं बाहेर काढून देईल. मी त्याला सांगून ठेवतो. सोसायटी कुठली ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

अजिंक्यतारा_सातारा
व्यनि मिळाला दादा, फार फार आभार. मावशीशी आत्ताच बोललो, तिचा मुलगा दोन्ही रात्री घ्यायला येतो म्हणाला आणि शनिवारी मुक्काम तिच्याकडंच. आता तिकीटविक्री सुरू झाली की खुर्चीची कडेची तिकिटं मिळवायची. कोथरूडच्या ताई, ती ऑनलाईन लवकर संपतात का, की काउंटरवर जाऊनच घ्यावीत?

कोथरूड_श्रोती
शनिवारची लवकर जातात, त्यामुळं विक्री सुरू होईल त्याच दिवशी घ्या. मावसभाऊ पुण्यातच आहे ना, त्याला काउंटरवर पाठवा आणि सांगा की वयस्कर माणूस आहे, कडेची जागा असेल तर द्या. समोरासमोर विचारलेलं बरं पडतं.