गाडी धुतल्यावर सुकवता कशी? अनुभव लिहा

कुठला शाम्पू, किती फेस, एक बादली की दोन, यावर वाद घालणारे पुष्कळ. धुवून झाल्यावर गाडीच्या अंगावर उरलेल्या पाण्याचं काय करायचं, हा विषय मात्र "पुसून टाकायची की" एवढ्यावर मिटतो. मला ते पटत नाही. उन्हात रंगावर जे बारीक गोलगोल ओरखडे चमकतात, ते बहुतेक धुताना आणि पुसतानाच पडलेले असतात. त्यातही पुसायची वेळ येईपर्यंत सगळेच कंटाळलेले असतात. म्हणून हा धागा.

लिहिताना गाडीचा रंग, पाणी कसलं आणि गाडी सावलीत धुता की उन्हात, एवढं सांगा. नुसतं "मायक्रोफायबर बेस्ट" लिहून पळू नका. का, तेही येऊ द्या.

सुरुवात मीच करतो. राखाडी गाडी, सावली, नळाचं पाणी. शेवटचं पाणी सोडताना पाइपचं नोझल काढून टाकतो, धार संथ ठेवतो आणि पाइपचं तोंड टपाच्या अगदी जवळ धरतो. फवारा मारला की थेंब उडून पत्र्यावर विखरून बसतात. संथ धारेचं पाणी मात्र सलग खाली उतरतं आणि जाताना वाटेतले थेंब ओढून नेतं. टप, काचा, बॉनेट, मग बाजू. एवढं केलं की फडक्याला काम थोडंच उरतं. उरलेलं मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने टिपून घेतो. दाराच्या खालच्या भागाला आणि चाकांना वेगळं फडकं, कारण चिकट घाण तिथेच असते आणि कितीही धुतलं तरी थोडी राहतेच.

---

पांढरी हॅचबॅक, जमिनीतलं जड पाणी

पांढऱ्या रंगावर डाग दिसत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी माझ्या गाडीच्या काचा बघाव्यात. आमच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार जागेवरच बसतात. डागाची कड मधल्यापेक्षा जास्त पांढरी असते, कारण वाळताना क्षार कडेला गोळा होतात. त्यामुळे आमच्याकडे प्रश्न कुठलं फडकं वापरायचं हा नाहीच, किती लवकर पुसायचं हा आहे. गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला गार लागेल तेव्हाच धुवायची. अख्खी गाडी एकदम भिजवून मग निवांत पुसायची चैन आम्हाला परवडत नाही. एक बाजू धुवायची, पुसायची, मग दुसरी.

ताजे डाग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून कापड ओलं करून लावलं की सुटतात. नंतर तो भाग पाण्याने धुवायचाच, आम्ल रंगावर ठेवायचं नाही. उन्हात बरेच दिवस भाजलेले डाग क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, खड्डा पाडून बसतात, ते व्हिनेगरने जात नाहीत. तिथे पॉलिशच लागतं.

एक उपाय मला खरंच उपयोगी पडला. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी हातपंपाच्या फवारणी बाटलीत भरून शेवटचा हात त्याने मारायचा. त्यात क्षार नसतात, त्यामुळे एखादा थेंब वाळला तरी मागे काही ठेवत नाही. सगळ्या गाडीला पुरवणं जिवावर येतं, म्हणून मी बॉनेट आणि काचांपुरतंच वापरते.

---

काळी सेडान, झाकलेलं पार्किंग

काळा रंग घेतला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं, "सांभाळणं अवघड." अवघड नाही, चहाडखोर आहे. तुम्ही कसं पुसता ते दुसऱ्या दिवशी उन्हात सगळ्यांना सांगतो.

रंगावरचा क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसाहूनही पातळ. फडक्याखाली वाळूचा एक कण आला आणि तुम्ही गोल हात फिरवलात तर ओरखडाही गोलच उमटणार. म्हणून मी हात फिरवतच नाही. मोठा टॉवेल बॉनेटवर पूर्ण पसरायचा, वरून दाबायचं नाही, आणि दोन टोकं धरून सावकाश आपल्याकडे ओढायचा. टॉवेल स्वतःच्या वजनानेच पाणी पितो. उभ्या दारांवर हे जमत नाही, तिथे तळहाताने थोपटून टिपायचं.

टॉवेल घेताना जीएसएम बघा, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. सुकवायला पाचशेच्या वरचा हवा. मी पिळदार तंतूंचा, बाराशेच्या आसपासचा वापरतो. भरपूर पाणी पितो, पण ओला झाला की पिळताना मनगट दुखतं. शिवलेली कड आणि कंपनीचं लेबल हे दोन्ही पत्र्यावर घासतात. लेबल पहिल्या दिवशीच कापून टाका.

---

शॅमीवाला, लाल गाडी

शॅमीच्या बाजूनेही कुणी बोलायला हवं. वडिलांच्या काळापासून आमच्याकडे चामड्याची शॅमी आहे. माशाच्या तेलावर कमावलेलं मऊ कातडं. ओलं करून घट्ट पिळायचं आणि मगच वापरायचं. कोरडं असेल तर पत्र्यासारखं कडक होतं आणि पाणी धरत नाही. एका ओढीत काच अशी लख्ख होते की मायक्रोफायबरला दोन हात मारावे लागतात. डिटर्जंटने धुऊ नका, तेल निघून जातं. उन्हातही वाळवू नका.

---

परत काळी सेडान

शॅमी काचेला उत्तम, हे मान्यच. पण तिला लव नसते. मायक्रोफायबरमध्ये कण तंतूंच्या आत शिरतो. शॅमीखाली तो सपाट पृष्ठभाग आणि पत्रा यांच्यामध्येच घासत राहतो. डब्यात ओली मिळते त्या पीव्हीएच्या, म्हणजे कृत्रिम शॅमीचंही तेच. तुमचा लाल रंग सोसत असेल, माझा काळा सोसणार नाही.

---

ब्लोअरवाली, निळी एसयूव्ही

मला फडकं लावायचाच कंटाळा, म्हणून पानं उडवायचा ब्लोअर घेतला. बोलल्याशिवाय राहवत नाही: आरसे! आरसा पुसला, दोन मिनिटांनी त्याच्या खालून ओघळ येतोच. दाराचं हँडल, कंपनीचा लोगो, नंबर प्लेटची चौकट, पेट्रोलच्या टाकीचं झाकण, चाकांच्या नटांचे खड्डे, पाठीमागच्या दिव्यांच्या फटी, या सगळ्यांत पाणी लपून बसतं आणि गाडी पूर्ण चकाचक झाली की मगच बाहेर पडतं. हवेच्या झोताने ते आधीच हाकलता येतं. आरशाच्या फटीवर झोत धरला की नुसतं पाणी नाही, आतली जुनी काळी घाणही थुंकल्यासारखी बाहेर येते.

दोन गोष्टी सांभाळा. ब्लोअर जमिनीजवळ धरू नका, तो तिथली धूळ ओढून ओल्या पत्र्यावर मारतो. आणि टायरच्या हवेचा कॉम्प्रेसर वापरणार असाल तर त्याच्या हवेत ओल आणि तेलाचा अंश येऊ शकतो, मध्ये फिल्टर हवा.

अख्खी गाडी ब्लोअरने सुकवायला वेळ लागतो. मोठे सपाट भाग टॉवेलने आणि फटी हवेने, हे मला सगळ्यात जमतं.

---

सिरॅमिक कोटिंग केलेली चंदेरी गाडी

+१ ब्लोअरला. कोटिंग केलं की पाणी टिकत नाही, सुकवायची गरजच नाही, असं विकताना सांगतात. पाणी टिकत नाही हे अर्धंच खरं. ते उभे गोल थेंब होऊन बसतं आणि सपाट टपावर, बॉनेटवर तसंच राहतं. ऊन आलं की प्रत्येक थेंबाचं वर्तुळ. फायदा एवढाच की थेंब सैल असतात, हवेच्या झोताने सुसाट पळतात. बघायला मजा येते, पोरं तर ब्लोअरसाठी भांडतात.

---

करडी, बाकी विशेष काही नाही

स्क्वीजी, म्हणजे रबरी पट्टीचा वायपर? काचेवर जरूर. रंगावर नको. पट्टीच्या धारेत एक कण अडकला की वरपासून खालपर्यंत सरळ रेघ.

---

न पुसणारा

मी पुसत नाही, एक चक्कर मारून येतो. वाऱ्याने पाणी जातं.

---

सुरुवात करणारा

न पुसणारे, वाऱ्याने थोडं जातं, उरलेल्या ओल्या भागावर रस्त्याची धूळ बसते आणि चिखलाचे ओघळ होतात. पण चक्कर मारायची सवय सोडू नका, फक्त पुसून झाल्यावर मारा. ब्रेकच्या चकत्या बिडाच्या, पाणी लागलं की काही तासांत वर तांबूस गंज धरतात. पहिल्या ब्रेकला तो निघतो, घाबरायचं कारण नाही. पण धुवून लगेच हँडब्रेक ओढून गाडी दिवसेंदिवस उभी ठेवली तर पॅड चिकटू शकतात. मोकळ्या जागी हळू चालवत चार वेळा हलका ब्रेक दाबला की त्या कोरड्या होतात.

---

मॅट रंगवाला

मॅट रंगाला वरचं सगळं लागू पडत नाही. त्याचा वरचा थर मुद्दाम खडबडीत असतो, पॉलिशने ओरखडा काढता येत नाही. घासलं तर तेवढाच भाग चमकायला लागतो. चमक आणणारं मेण तर लांबच ठेवा. माझ्याकडे फक्त हवा, आणि उरलेल्यावर मऊ टॉवेल नुसता टेकवणं.

---

हिरवी, मागच्या सीटवर कायम फडकी

फडकी धुण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, साधारण 80:20 किंवा 70:30. फॅब्रिक सॉफ्टनर घातला की तंतूंवर थर बसतो आणि टॉवेल पाणी पिण्याऐवजी ढकलत सुटतो. "नवीन टॉवेल महिनाभरात बिघडला" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. सुती कपड्यांबरोबरही टाकू नका, सगळा लिंट, म्हणजे कपड्यांचे सुटे धागे, गोळा करून आणतो. सौम्य साबण, कोमट पाणी, वाळवताना कडक उष्णता नाही. नवा टॉवेल वापरायच्या आधी एकदा धुवा, सुटे तंतू निघून जातात.

आणि जमिनीवर पडलेला टॉवेल झटकून परत वापरायचा नाही. तो त्या दिवशी टायरना.

---

निळी एसयूव्ही

दारं उघडून चौकटी आणि रबर बीडिंग पुसता का कुणी? माझ्या डिकीच्या बीडिंगमध्ये इतकं पाणी असतं की उघडताना ते थेट आत ठेवलेल्या पिशव्यांवर पडतं.

---

सुरुवात करणारा

पुसतो, पण त्याला चांगला टॉवेल नाही. जुना झालेला, लव दबलेला टॉवेल असतो ना, तो चौकटींना. डिकी आधी जरा किलकिली करून पाणी बाहेरच्या बाजूला गळू द्या, मग पूर्ण उघडा. थंडी गोठवणारी असेल तिथे तर हे सोडूच नका, बीडिंगमधलं पाणी गोठलं की दार चिकटून बसतं आणि ओढलं की रबर फाटतं.