वाचून दाखवण्यासाठी चित्रपुस्तके कशी निवडावीत?

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. देखणी पुस्तके आणूनही दोन पानांतच ती उठून जाते. निवडताना नेमके काय पाहावे?

उत्तर १ : आधी दोन पाने मोठ्याने वाचून पाहावीत, जीभ अडखळली, तर पुस्तक कितीही देखणे असले तरी ठेवून द्यावे. चित्रपुस्तके बहुधा ३२ पानांची असतात, त्यामुळे प्रत्येक पानावर दोन-तीन वाक्यांहून अधिक मजकूर असला, तर या वयाचे मूल पान उलटायची घाई करते, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

उत्तर २ : सहमत आहे, मात्र चित्राने मजकुराच्या पुढे जाऊन काही सांगायला हवे. मजकुरात केवळ ‘आजी झोपली’ असे असावे आणि चित्रात मांजर हळूच लोकरीचा गुंडा पळवत असावे, म्हणजे मूल आपणहून बोट ठेवून बोलू लागते. शेवटी तात्पर्य चिकटवलेली पुस्तके मी तरी टाळतो.

उत्तर ३ : पालुपद असलेली गोष्ट निवडावी, कारण पुढचा शब्द आधीच ठाऊक असण्यात मुलांना गंमत वाटते. अधूनमधून थांबून ‘आता काय होईल?’ असे जरूर विचारावे, पण प्रत्येक पानावर नव्हे, नाहीतर वाचनाची परीक्षा होते.