पतपेढी सोडून रापणीचे फोटो काढायचे म्हणतेय. जमेल का?

प्रश्न (मालवण)

नमस्कार मंडळी. वय ४१. १६ वर्षं पतपेढीत हिशेब लिहितेय. बाबा रापणीत (किनाऱ्यावरून माणसांनी दोराने ओढायचं मोठं जाळं) वाटेकरी होते. दोन वर्षं झाली, सुट्टी असली की पहाटे कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर जाते. परवा दोर ओढून सोलवटलेल्या तळहातांचा एक फोटो मिळाला आणि दिवसभर पतपेढीत जीव रमेना. हेच काम करावं असं मनापासून वाटतं. पण मुलगा नववीत आहे, घराचा हप्ता आहे. कुणी हा रस्ता धरलाय का?

उत्तर (हर्णै)

ताई, मी ४६व्या वर्षी शाळेतली नोकरी सोडली. पोट लग्नसराईवर आणि होमस्टेच्या फोटोंवर चालतं. बंदराच्या कामातून सुटतो तो पेट्रोलचा खर्च, कधी तोही नाही. घरच्यांना हे आधी सांगा.

पहिली तीन वर्षं मी नुसता बंदरावरचा मासळीचा लिलाव टिपला. पाट्या, बैलगाड्या, मावळतीचा उजेड. एके दिवशी एक मावशी म्हणाली, "फोटो काढून नेतोस, दाखवतोस कधी?" पुढच्या आठवड्यात प्रिंट घेऊन गेलो. तिने स्वतःकडे पाहिलंच नाही. मागे अर्धवट आलेल्या बाईवर बोट ठेवलं. "ही माझी जाऊ. पावसात गेली." त्या जावेचा घरात दुसरा फोटोच नव्हता. त्यानंतर मला घरात बोलावणं आलं आणि खरं काम तिथून सुरू झालं. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा पडवीत जाळी विणली जातात, उधारीच्या वह्या उघडतात. ते दिवस चुकवू नका.

युजीन आणि आयलीन स्मिथ हे छायाचित्रकार जोडपं १९७१मध्ये जपानमधल्या मिनामाताला गेलं. कारखान्याच्या पाऱ्याने तिथले कोळी पंगू होत होते. दोघं तीन वर्षं तिथेच राहिले. त्यातला सगळ्यांत गाजलेला फोटो, आई मुलीला आंघोळ घालते तो, पुढे घरच्यांच्या इच्छेखातर आयलीनबाईंनी छापायला देणं थांबवलं. मला त्या फोटोइतकंच ते थांबवणंही मोठं वाटतं.

उत्तर (रत्नागिरी)

नोकरी एवढ्यात सोडू नका. सुधारक ओलवे वृत्तपत्र छायाचित्रकार. मुंबईच्या सफाई कामगारांवरचं त्यांचं काम पाहा. २०१६मध्ये पद्मश्री मिळाली. एक पूर्ण हंगाम एकाच रापणीबरोबर काढा, मग ठरवा. आणि खारी, दमट हवा विसरू नका. पावसाळ्यात माझ्या लेन्सला बुरशी धरली, ती गेलीच नाही. लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणारं सिलिका जेल घालून ठेवा. फोटोमागे नाव, तारीख, जागा त्याच रात्री लिहा.

प्रश्नकर्ती (मालवण)

मनापासून आभार. नोकरी मे अखेरपर्यंत ठेवते. ते तळहात ज्या काकांचे आहेत, ते बाबांच्याच रापणीतले. त्यांना मी तो फोटो अजून दाखवलेलाच नाही. रविवारी प्रिंट घेऊन जाते.